शेंदरी दांडी

वाळूजच्या एका शेडमध्ये चतुराबाई पावडर कोटिंगचं, म्हणजे लोखंडावर रंगाची भुकटी बसवायचं काम करायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मूळची सोयगावची बाई. सुनेला, तनुजाला, तिनंच या कामाला लावलं अन् शिकवलंही.

"हे बघ, बंदुकीतून भुकटी निघती ती वीज अंगावर घेऊनच. खिडकीची जाळी हुकानं दांडीला टांगलेली, दांडीची तार जमिनीत. म्हणून जाळी भुकटीला वढून घेती, पार पाठीमागून बी. मधी कुठं अडलं की वीज जाळीवर तुंबती अन् भुकटीलाच माघारी ढकलती. म्हणून हुक घास, बाई, हुक घास!"

हुकांपायी तिनं भल्याभल्यांना फैलावर घेतलेलं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. शेड धुऊनपुसून झाली अन् बाईला हौस आली. शेंदरी ऑइल पेंट आणला आणि हुक अडकवायची दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवून काढली. वर झेंडूची माळ. काय रूप आलं म्हणता दांडीला! बाई स्वतःवरच खूश.

दसरा झाला, काम सुरू झालं, आणि भुकटी जाळीला चिकटेचना. उलटी फिरून तनुजाच्याच अंगावर बसायला लागली. पोरगी पांढरीफटक.

"आत्याबाई, जाळीला हात लागला की झटका बसतोय."

"हुक घासले नसशील!"

"घासलेत, बघा की."

हुक खरंच लख्ख होते. मग तर बाईचा पारा चढला. "नाजूकपणा हाय नुसता! काम चुकवायची लक्षणं. धर बंदूक!"

तनुजानं मुकाट्यानं बंदूक धरली. जाळीपाशी टच्चकन ठिणगी उडाली अन् हवेतली भुकटी भप्पकन पेटली. कुणीतरी धावत जाऊन बटण बंद केलं. जाळ क्षणात विझला, पण सून दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली होती.

चेहरा भाजला, डोळ्यांवर पट्ट्या आल्या. डोळे वाचलेत का, ते पट्टी सोडल्यावरच कळणार होतं. इकडं शेडमध्ये मिस्त्रीनं दांडीवरचा रंग खरवडला अन् बाईला दाखवला. हुक लोखंडाला टेकलेलाच नव्हता, रंगावर टेकला होता, अन् रंगातून वीज जात नाही. बाईच्या पायाखालची जमीन सरकली. अगं माय, हे आपलंच पाप!

ती तशीच दवाखान्यात गेली. खाटेजवळ उभी राहिली.

"तनुजा... दांडी मी रंगवली गं. तिथंच अडलं."

"मला शंका आली व्हती, आत्याबाई. तुम्ही रंगवत व्हता तवाच."

"मग बोलली का नाय, बये?"

तनुजा हळूच म्हणाली, "झटका बसतोय म्हणले, तर तुम्ही काय म्हणलात?"

सुनेला काहीच दिसत नव्हतं, तरी चतुराबाईनं पदर आपल्या तोंडावर ओढून घेतला.