आबांचा आवाज, मला न विचारता

कुपवाडच्या एका वर्कशॉपात मी लेथवर होतो, तेव्हा माझे डोळे जायला लागले. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं, मग समोरचंही पुसट व्हायला लागलं. हाताखालचं माप चुकायला लागल्यावर मी स्वतःहून काम सोडलं आणि जतच्या बाजूला आमच्या गावी परतलो. घरात आई, आबा म्हणजे माझे वडील, माझी बायको आणि थोरला भाऊ. भावाला मी दादा म्हणतो.

वर्कशॉपातली बाकीची माणसं हळूहळू तुटली. एकजण तेवढा टिकला. तो शेजारच्या मशीनवर असायचा. मूळचा कराडला लागून असलेल्या मलकापूरचा, कुपवाडात खोली करून राहणारा. मी काम सोडल्यावरही त्याचा फोन यायचा. सांगलीला डोळे दाखवायला गेलो की मी त्याच्याकडेच उतरायचो. मला हाताला धरून न्यायची त्याची रीत चांगली होती. ओढायचा नाही, फक्त कोपर पुढे करायचा.

माझ्याकडे एक जुना म्युझिक प्लेअर होता, काडेपेटीएवढा. फोनवर गाणी ऐकता येतात हे मलाही कळतं, पण फोन म्हणजे नुसती गुळगुळीत काच. प्लेअरला बटणं होती, बोटांना सापडायची. त्यात आवाज भरून घ्यायचीही सोय होती. आबा जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले, मेढ्याच्या डोंगरापर्यंत जाऊन आलेले. ते सुंबरान मांडून, म्हणजे आधी देवाचं स्मरण करून, ओव्या म्हणायला बसले की गावातली माणसं हातातलं काम टाकून यायची. त्या ओव्या मी प्लेअरमध्ये भरून घेतल्या होत्या, आमच्या सोप्यात बसून, आबांच्या सवडीनं.

एकदा असं झालं की ओवी संपली आणि मी पाणी प्यायला आत गेलो. प्लेअर चालूच राहिला. आबांना वाटलं मशीन बंद आहे. ते आईला म्हणाले, "ह्येचं डोळं जात्यात गं. माज्या म्होरं जात्यात. मला रातच्याला डोळा लागत न्हाई. ह्येला कायबी कळू दिऊ नगंस." आणि मग ते रडले. आबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, डोळे धड होते तेव्हाही. ते मी पुढे एकट्यानं ऐकलं आणि पुसलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही.

पुढे प्लेअरचा पडदा मला वाचता येईना. कुठल्या यादीत आहे, कुठलं गाणं निवडलंय, काही समजायचं नाही. बटणं दाबत राहायचो आणि भलतंच वाजायचं. हे मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "थांब रं गड्या. प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअरच बदलता येतं. त्याला फर्मवेअर म्हणत्यात. कंपनीचं सोडून दुसरं मिळतंय, फुकट. त्ये बोलतं. तू जिथं जाशील तिथलं नाव वाचून दावतंय."

माझा विश्वास बसेना. एवढ्याशा डबीत कोण बोलणार? पण एका रविवारी सकाळी मी एसटीनं गेलो आणि त्याच्या खोलीवर आम्ही दोघं बसलो. त्यानं आधी प्लेअर पुरता चार्ज केला, कारण मध्येच बॅटरी गेली तर तो कायमचा बंद पडायची भीती होती. मग लॅपटॉपला जोडला आणि म्हणाला, "पयलं आतलं सगळं माझ्याकडं उतरवून घिऊ. काय बिघडलं तर आबांचं गाणं जायाला नको."

"व्हय, घे," मी म्हणालो. मला तर त्याच्या काळजीचं कौतुकच वाटलं.

मग त्यानं नवं फर्मवेअर चढवलं. तो एकेक पायरी मोठ्यानं वाचायचा, करायचा, आणि काय झालं ते मला सांगायचा. केबल काढल्यावर प्लेअर आपला आपण बंद झाला. पडदा काळा. मी हेडफोन कानाशी दाबून धरला. आणि मग हेडफोनमधून एक यंत्राचा आवाज इंग्रजीत बोलला. मी वरचं बटण दाबलं, तो दुसरं काही बोलला. खालचं दाबलं, परत आला. मी लहान पोरासारखा वर-खाली करत बसलो. मित्र हसत होता.

यंत्राला मराठी येत नव्हतं. नावं आली की ते एकेक इंग्रजी अक्षर बोलायचं. म्हणून त्यानं प्रत्येक फोल्डरसाठी स्वतःच्या आवाजात नाव भरलं. "आबांच्या ओव्या." "जुनी गाणी." "भजनं." मी त्या फोल्डरवर गेलो की त्याचा आवाज कानात यायचा. जाताना त्यानं मला मिरजेच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं. खिडकीशी बसून मी सगळ्या वाटेनं ओव्या ऐकत गेलो. हवी ती ओवी, हवी तेव्हा, कुणाला न विचारता. किती दिवसांनी मी कुणावाचून एखादी गोष्ट केली होती.

पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. मित्र आला होता, मातीला. आईपाशी बराच वेळ बसला.

त्यानंतर उन्हाळ्यात मामाचा मुलगा घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "आबांचं आईकलं. लय रडाय आलं बघ. तुज्या डोळ्यांचंबी मनाला लागलं."

"कुठं ऐकलंस?"

"फोनवर. समद्यांनी आईकलंय की."

बायकोनं तिचा फोन काढला, शोधलं, लावलं. आबाच होते. त्यांचा खाकरा, त्यांची ओवी, आमच्या सोप्यातला पंख्याचा आवाज. आणि ओवी संपल्यावर ते पुढचंही, आईला म्हणालेलं, रडण्यासकट, मागे बासरी लावून. बायकोनं खाली लिहिलेलं वाचून दाखवलं. आंधळ्या होत जाणाऱ्या लेकासाठी बापाचे अश्रू, असं काहीतरी. शेजारी मित्राचं नाव, संग्राहक म्हणून.

बायको वाचता वाचता थांबली. ती पहिल्यांदाच ऐकत होती. आई आतून आली, तिनं आबांचा आवाज ऐकला आणि तिथंच खाली बसली.

मी दुसऱ्या दिवशी मलकापूरला गेलो. तेव्हा तो काम सोडून घरी परतला होता. बायको सोबत होती. त्यानं नेहमीसारखं कोपर पुढे केलं, मी हात लावला नाही.

"मला इचारायचं होतंस," मी म्हणालो.

"आरं, आबांचं नाव झालं. लोकं कुठनं कुठनं लिव्हत्यात. तुज्याकडं त्या डबीत पडून राहिलं असतं."

"ओव्यांचं ठीक. त्ये रडणं का लावलंस? त्ये आबा आईला बोलत हुते. तुला न्हाई, लोकान्ला न्हाई. मलाबी न्हाई."

त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "मी इचारलं हुतं. तुज्या दादाला. आबा गेलं तवा. दादा म्हणला, लाव, पर ह्येला सांगू नगंस, ह्येला उगं तरास हुईल."

माझ्या बायकोनं माझा दंड धरला. मला उठायचं होतं, पण दार कुठल्या बाजूला आहे ते त्या क्षणी आठवेना.

घरी आल्यावर दादाला विचारलं. तो मळ्यातून आला होता, हातपाय धूत होता. म्हणाला, "तुला कशाला सांगायचं? तू आधीच..." आणि पुढे बोलला नाही. तो वाईट मनाचा नाही. आबांवर त्याचाही जीव होता. पण मी आधीच काय? त्या वाक्याचं पुढचं मी आजही मनात भरून बघतो आणि प्रत्येक शब्द लागतो. मित्रानं माझ्या हातून घेतलं ते एक. दादानं ते माझ्या वतीनं देऊन टाकलं. आबाही म्हणालेच होते, ह्येला कळू देऊ नको. माझ्याबद्दलची सगळी बोलणी माझ्यावाचून होत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे मायेपोटी आहे.

मित्रानं रडण्याचा भाग काढला. ओव्या ठेवल्या. पण तोवर इतरांनी उतरवून घेतलं होतं, आपापलं लावलं होतं. ते काढायला कुणाला सांगणार? त्याचे फोन आले. मी दोनदा घेतले, मग घेतले नाहीत. प्लेअरमधली त्यानं बोललेली नावं मी काढून टाकली. तो खटाटोप मी स्वतः केला, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या, मागून आणलेल्या लॅपटॉपवर, चुकत, परत करत. आता यंत्र एकेक अक्षर बोलतं आणि मी अक्षरं जुळवतो. वेळ लागतो.

आबांच्या वर्षश्राद्धाला दारात मांडव होता. पाहुणे जमले होते. स्पीकर आणलेला. दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मला त्याच्या श्वासावरून कळलं.

"ओव्या लावू का आबांच्या? तुज्या प्लेअरमदल्या?"

"नगं," मी म्हणालो.

त्याला काय वाटलं ते मला दिसलं नाही. "बरं," म्हणाला आणि गेला. मी पानावर बसलो. पहिला घास घेतला असेल-नसेल, मांडवाच्या पलीकडून कुणाच्या तरी फोनवर आबांचा खाकरा ऐकू आला, मग ती बासरी. मी हात थांबवला. जेवणाऱ्यांतले काही हळहळले. कुणीतरी म्हणालं, "काय आवाज हुता म्हाताऱ्याचा."

आणि तिकडून दादाचा आवाज आला, जोरात, "बंद कर रं त्ये."