चिंधी बांधलेली वांगी

ती वांग्यांची चोरी माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्याला टाकेही पडले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेलो आणि वांग्यांचा ढीग दिसला की हे प्रकरण आपोआप समोर येतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत आणि त्यांना पोलिसांचा झाला तेवढा ताप पुरे झाला.

मी तेव्हा घाटाखालच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मोताळ्याच्या बाजूची गावं आमच्या हद्दीत यायची. सकाळची हजेरी संपली होती, ठाणे अंमलदाराचा पहिला चहा व्हायचा होता, आणि धोतर नेसलेला एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. भाजीपाला पिकवणारा माणूस. हातापायांवर मातीच्या भेगा. वांगी चोरीला गेली, फिर्याद घ्या म्हणाला.

अंमलदार मिश्कील होता. "बाबा, आतापर्यंत तं त्याचं भरीत झालं असंन," तो म्हणाला आणि आजूबाजूचे हसले.

म्हातारा हसला नाही. "त्याचं भरीत होत नाई, साहेब. ते बियाचे वांगे होते. पिवळे झालेले. कडू लागतात. गाय बी खात नाई."

मी त्याला आत बोलावलं. त्याच्या गावची भरिताची वांगी पंचक्रोशीत नावाजलेली. फिकट हिरवी, हातभर नाही पण तळहातात मावणार नाहीत एवढी, पातळ सालीची. हिवाळ्यात वावरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजून भरिताच्या पंगती उठतात, त्या याच वांग्यांवर. मीही जेवलो होतो. पण त्यामागची रीत मला ठाऊक नव्हती. गावात वांगी सगळेच लावत, पण बी धरण्याचा मान एकट्या या म्हाताऱ्याच्या घराचा. त्यानं वाफ्यात रोपं तयार करायची आणि गावानं ती न्यायची. दुसऱ्या कुणी आपल्या वावरात एकही वांगं बियासाठी झाडावर पिकू द्यायचं नाही, ते बरं दिसत नसे. म्हातारा आपल्या वावरातली निवडक झाडं राखून ठेवी आणि बियाच्या वांग्यांच्या देठाला घरातल्या थोरल्या बाईच्या लुगड्याची चिंधी बांधली जाई. चिंधी दिसली की तोडायचं नाही. हिवाळ्यात पोरं वावरातून वांगी पळवून भरीत करतात, त्याला कुणी चोरीही म्हणत नाही, पण चिंधीच्या वांग्याला त्या गावात आजवर कुणाचा हात लागला नव्हता.

"मागच्या सालचं बी असेल ना?" मी विचारलं.

"बी धरायचं काम बुढीचं होतं. मागच्या साली ते बिमार पडली अन् गेली. होतं तेवढं पेरलं. हे गेलं तं गावचं वांगं गेलं, साहेब."

गुन्हा दाखल करायला सांगितलं. किमतीच्या रकान्यात काय लिहू, असं अंमलदारानं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "ते आमी इकतच नाई, तं किंमत कशी सांगू?" शेवटी अंमलदारानं आपल्या मनानं काहीतरी लिहिलं.

तपास सुरू झाला की पहिली बातमी कुठून येते, तर चहाच्या टपरीवरून. नांदुऱ्याच्या बसस्टँडजवळच्या एका टपरीवाल्याचा फोन आमच्या बीट जमादाराला आला. बियाण्यांच्या धंद्यातला एक माणूस लॉजवर उतरला आहे आणि त्या गावच्या वांग्याची चौकशी करत फिरतो आहे. आम्ही त्याला घेऊन आलो. बातमी गावात आमच्या आधी पोचली आणि दुपारी अर्धं गाव ठाण्याच्या फाटकाशी जमलं. चोर बाहेरचा निघाला याचं सगळ्यांनाच बरं वाटत होतं. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. चोरी झाली की गावाला चोर हवा असतो, पण तो गावाबाहेरचा हवा असतो.

त्या माणसाला समोर बसवलं, पाणी दिलं, बोलू दिलं. मारून कबुली मिळते, माल मिळत नाही, हे मी फार लवकर शिकलो होतो. तो घामाघूम झाला होता. म्हाताऱ्याकडे आपण गेलो होतो, बी मागितलं, त्यानं विळा दाखवून हाकलून दिलं, असं त्यानं स्वतःच सांगितलं. मग रागानं चोरलंस का, असं विचारलं, तर म्हणाला, "साहेब, मला ते वांगं घेऊन जायचं असतं तर मी गावातल्या दुसऱ्या कुणाला पैसे देऊन एक झाड पिकवून घेतलं असतं. रात्रीचं वावरात कशाला शिरू?" चोरीच्या दिवशी आणि रात्रीही तो खामगावला एका मेळाव्यात होता. जमादाराला पाठवून खात्री केली, गोष्ट खरी निघाली. त्याला सोडलं, तेव्हा फाटकाशी उभ्या माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला ओळखीची होती. साहेबानं पैसे खाल्ले, असा तिचा अर्थ असतो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वावरात गेलो. पंचनामा झाला होता, पण जागा पुन्हा पाहावी अशी माझी सवय होती. वांगी विळ्यानं नीट देठाशी कापलेली होती, फांदी कुठे पिचलेली नव्हती. आणि चिंध्या झाडांवरच होत्या. म्हणजे अडकून राहिलेल्या नव्हत्या. आधी सोडलेल्या आणि वांगं कापून झाल्यावर त्याच झाडाला परत बांधलेल्या. प्रत्येक झाडाला. चोराला घाई असते. हा चोर गाठी मारत बसला होता.

म्हाताऱ्याची थोरली सून शेजारच्या वाफ्यात खुरपत होती. तिला सहज विचारलं, "बाई, चोरानं चिंध्या काऊन ठेवल्या असतील?"

"सासूबाईच्या लुगड्याच्या हायेत त्या," ती मान वर न करता म्हणाली. "त्या कोण नेईन?" आणि मग तिचं खुरपं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि पुन्हा खुरपायला लागली. मी तिला दुसरा प्रश्न विचारला नाही. साक्षीदाराच्या तोंडून जे निसटतं त्यावर लगेच झडप घालू नये, नाहीतर तो पुढे कायमचा मुका होतो.

जमादाराला एवढंच सांगितलं, की चोरीच्या आदल्या दिवशी त्या घरी कोण कोण होतं ते काढ. त्यानं आणलेलं उत्तर साधं होतं. म्हातारीचं वर्षश्राद्ध होतं. दोन्ही मुलगे, सुना, भाऊबंद. पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "हाव, पोरगी बी आली होती ना. पण ते तं सकाळच्या गाडीनं गेली." आम्ही तोवर गावातल्या सगळ्यांची नावं घेतली होती. लेकीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. घरच्या कार्याला आलेली लेक पाहुणी. तिला ना घरात मोजत, ना बाहेरच्यांत.

तिचं सासर नांदुऱ्याच्या अलीकडच्या एका गावात होतं. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन गेलो, गाडी गावाबाहेर ठेवली. अंगणात लिंबाच्या सावलीत एक जुनं धोतर अंथरलेलं आणि त्यावर धुतलेलं बी पसरलेलं. कोपऱ्यात चाळलेल्या राखेची पाटी. ती बाई चाळिशीची असेल. गणवेश पाहून उभी राहिली.

"मीच नेले," ती म्हणाली. विचारायच्या आधीच.

महिला शिपायाला तिच्या शेजारी बसवून जबाब घेतला. आईचा सगळा हात हिच्या हाती उतरला होता. बी धुणं, सावलीत वाळवणं, राखेत घोळवणं हे लहानपणापासून हिनंच केलेलं. दोन्ही भावांना कपाशी आणि सोयाबीनपलीकडे काही करायचं नव्हतं. बाबा आहेत तोवर वांगी, नंतर सगळं रान सोयाबीनखाली, हे तिनं श्राद्धाच्या दिवशी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तिच्याकडे विहिरीजवळ जमिनीचा लहानसा तुकडा होता. तिनं बापाकडे मूठभर बी मागितलं. बाप म्हणाला, घरचं बी लेकीसंगं जात नाही.

"चिंध्या परत काऊन बांधल्या?"

"माय जल्मभर त्या वावरात राह्यली. तिले कायले उचलून आणू?"

बी जप्त करायचं म्हटल्यावर तिनं एकच विनंती केली. "साहेब, ओलं बांधू नका. मरून जाईन ते. वाळू द्या." आता जप्तीच्या मालाला वाळायला वेळ देण्याची तरतूद कुठल्या कायद्यात आहे मला माहीत नाही. पण आम्ही थांबलो. पंच कुरकुरले, आरोपीनंच सगळ्यांना चहा केला. त्या दिवशी वाळलं नाही, म्हणून महिला शिपाई आणि एक होमगार्ड तिथे ठेवून मी परतलो. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं बी राखेत घोळवून मडक्यात भरलं, आम्ही लाखेचं सील केलं, आणि पंचांनी सह्या केल्या.

खरी कठीण गोष्ट पुढे होती. फिर्यादीला सांगायचं, की चोर सापडला.

म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं. लेक बाकावर बसलेली पाहून त्याला वाटलं, तिला कुणी त्रास दिला. मी सांगितलं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "सावलीत वाळवलं का?"

"हाव, बाबा."

"राख कशाची?"

"गोवऱ्यायची. माय घेत होती तेच."

माझ्या मनात आलं, मिटलं. बीही वाचलं, घरही वाचलं. तीही तसंच समजली असावी, कारण ती म्हणाली, "बाबा, मले एक मूठ द्या. बाकीचं सारं तुमी न्या. माह्या विहिरीवर लावतो. तुमच्या नावानंच लावतो."

"पोरीवर केस नोको मले," म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला. "पण बी माह्यं सारं परत पाह्यजे. मोजून नाई, पण सारं."

"बाबा, मूठभर द्या ना," मी म्हटलं. ठाणेदारानं असं म्हणायचं नसतं, पण म्हटलं.

"साहेब, माह्या बापानं माह्या बहिणीले देल्लं नाई. त्याच्या बापानं त्याच्या बहिणीले देल्लं नाई. म्हणून ते आजवरी राह्यलं. तुमी तुमचं काम चांगलं केलं. आता हे माह्या घरचं हाये."

त्याचं म्हणणं कायद्यानं बरोबर होतं. माल त्याचा होता. न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर मडकं त्याला पेरणीच्या आधी मिळालं. आपसात मिटल्यामुळे खटला लोकअदालतीत निकाली निघाला. वरिष्ठांनी कौतुक केलं. चोरी उघड, माल पूर्ण परत, वाद मिटला. याहून चांगला तपास असू शकत नाही.

माझी लवकरच घाटावर बदली झाली आणि मी ते विसरलोही असतो.

निवृत्तीनंतर एकदा एका लग्नासाठी नांदुऱ्याला गेलो. बाजाराचा दिवस होता. पोत्यावर भाजी मांडून बसलेल्या एका बाईनं मला नावानं नाही, "साहेब" म्हणून हाक मारली. तीच होती. केस पिकलेले. मी बाबांची विचारपूस केली.

मडकं परत मिळालं त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी म्हाताऱ्याला लकवा मारला होता. वाचा गेली. वाफा टाकायचा राहिला. हिनं भावांकडे मडकं मागितलं, तर ते म्हणाले, बाबा नाही म्हणाले होते, आता आम्ही कसं देऊ. आणि स्वतः त्यांनी ते पेरलंही नाही, सोयाबीनची घाई होती. बाप खाटेवरून त्या माळ्यावरच्या मडक्याकडे बोट दाखवायचा, असं ती म्हणाली, पण ठेवा म्हणत होता की द्या म्हणत होता हे कुणालाच कळलं नाही. दोन-तीन वर्षं तो तसाच पडून होता, आणि मडकं माळ्यावर तापत होतं. तेराव्याला भावांनी मडकं आपणहून हिच्या ओटीत घातलं. तिनं ते सगळं पेरलं.

"एक कोंब नाई आला, साहेब."

गावात आता कुणाकडेच ते वांगं नव्हतं. वर्षानुवर्षं सगळ्यांनी रोपं त्या घरातून नेली, कुणी एक वांगंसुद्धा पिकू दिलं नाही, रीत पाळली. आता सगळे नर्सरीतून संकरित रोपं आणतात. तिच्या पोत्यावरची वांगीही संकरितच होती, जांभळी, चकचकीत, सगळी एका मापाची.

मी पोत्यावरचं एक वांगं उचलून पाहिलं, परत ठेवलं. मी म्हटलं, "बाई, मी माझं काम केलं."

"तुमचा तपास बरोबरच होता. मी चोरच होती," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पण मी सापडली नसती, तं वांगं राह्यलं असतं."

मी वांगी घेतली. घरी आणून भाजली, खाल्ली, भरीत झालं म्हणायचं. या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की माल परत केल्यावर आम्ही फाईल बंद करतो आणि मालाचं पुढे काय होतं हे पाहणं आमच्या कामात बसत नाही. आजही मला माझ्या तपासात चूक सापडत नाही. पुष्कळ शोधली. सापडली असती तर निदान तिच्याकडे जाऊन माफी तरी मागता आली असती.