बाबांच्या नानकटाया

आई गेल्यावर बाबा नानकटाई करायला शिकले. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस, घरात कधी चहाही केला नव्हता. पण माझ्या लेकीला आजीच्या हातची नानकटाई आवडायची. म्हणून अमरावतीच्या घरी जुन्या कुकरात मीठ तापवून, कितीतरी घाणे करपवून, त्यांनी शेवटी हात बसवलाच.

भरायच्या मात्र घरातल्याच रिकाम्या डब्यांत. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, दूध पावडरचे डबे ते कढत पाण्याने धुऊन उन्हात पालथे घालत. दुधाच्या पिशव्या कापून, चोळून धुऊन दोरीवर वाळवत आणि नानकटायांच्या थरांमध्ये अंथरत. नानकटाई पार निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, आत वाफ धरते. लोणच्याचा डबा घ्यायचा नाही, वास जात नाही. "ज्यातून खायाचं आलं, त्यातच खायाचं जाईन," म्हणायचे. मग सुतळी बांधून डबा अकोल्याच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि मला फोन करायचा, "बाई, डबा निघाला. स्टँडवर जाजो."

गेल्या हिवाळ्यात आलेला डबा नेहमीपेक्षा मोठा होता, निळा, लेबल खरवडलेला. घरी येऊन झाकण उघडलं तर नानकटायांवर पांढरी भुकटी. मला वाटलं, पिठीसाखर असेल. लेकीनं एक उचलून तोंडाशी नेली आणि तेवढ्यात मला वास आला. कपडे धुवायच्या पावडरीचा. मी तिच्या हातावर फटका मारला. नानकटाई फरशीवर पडून फुटली, पोरगी रडायला लागली.

तेवढ्यात बाबांचा फोन. "भेटला का डबा? कशा झाल्या?"

"छान झाल्या, बाबा. डबा कशाचा होता हो?"

"शिरखंडाचा नाही का! तुह्या आईनं कालच तर धुऊन ठेवला."

मी फोन ठेवला आणि फरशीवरचे तुकडे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अमरावती गाठली. "इतक्या सकाळी काहून आली वो?" त्यांनी दारातच विचारलं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. दोरीवरच्या पिशव्या न धुतलेल्या, आंबूस वासाच्या. तुपाच्या बरणीत भांड्यांचा साबण. मी एकेक डबा उघडून मोरीत रिकामा करत गेले. ते चौकटीला धरून बघत उभे होते.

"पोरीनं खाल्ली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा. नाही खाल्ली."

ते पाटावर बसले. मग म्हणाले, "आता मी करत नाही."

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते मला त्या पाटापाशीच कळलं होतं. महिन्याभरात घराला कुलूप लावून मी त्यांना अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. सुरुवातीला रोज परत जायचं म्हणत. आता म्हणत नाहीत.

लेक कधी बेकरीतून नानकटाई आणते आणि दुधात भिजवून त्यांना भरवते.

"कोणं केली वो पोरी? चांगली झाली."

"तुम्हीच केली, आबाजी."

"हट," ते हसतात. "मले कुठं येते!"