चळवळीतला ळ

जिभेचीही सोनोग्राफी करतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या प्रत्येक मोर्चात पहिली घोषणा देणाऱ्या आक्का पक्षाघातानंतर तपासणीच्या टेबलावर बसल्या होत्या. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी होती. हनुवटीखाली यंत्र टेकताच आक्का बोबड्या आवाजात म्हणाल्या, “काय बाई, मुलगा की मुलगी?” तपासणाऱ्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

पडद्यावरच्या काळोखात एक पांढरी कमान हलत होती. ‘अपमान गिळायचा नाही,’ असं मला दटावणारी जीभ ती हीच.

“आता चमचाभर पाणी गिळा,” बाई म्हणाल्या. कमान उचलली, थरथरली आणि अर्ध्यातच खाली बसली. आक्कांना ठसका लागला. “नाकातली जेवणाची नळी इतक्यात काढता येणार नाही,” बाई मला हळूच म्हणाल्या.

संताप आला, पण पत्रक काढणार कुणाविरुद्ध? ‘आवाज कुणी दाबू शकत नाही’ असं आपण बिनधास्त छापतो. साफ खोटं. तो एवढ्याशा मांसावर उभा असतो.

“आता ळ असलेला शब्द म्हणा, आक्का,” बाई म्हणाल्या.

“चलवल.”

जिभेचं टोक टाळूकडे वळायला निघालं आणि पोचलंच नाही.

“बरोबर ना गं?” आक्कांनी मला विचारलं.

“हो, आक्का.”

खरं होतं ते मी गिळलं. किती सहज गिळता आलं, याचीच जास्त भीती वाटली.