स्टीलची वाटी

आमच्याकडे कुणाच्या अंगात आलं की मी उठून चहा ठेवायला जाते. या विषयाशी माझा एवढाच संबंध! तरी हे लिहितेय.

मुलीचे टॉन्सिल्स काढून आठवडा होत आला होता. दुपारी कर्जतहून सासरची मंडळी तिला ‘बघायला’ आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर आली. बघायला म्हणजे काय, तर पोरीला आतल्या खोलीत झोपवायचं आणि आपण हॉलमध्ये पोहे खात बसायचं. ऑपरेशन मशीनने झालं होतं, त्यामुळे आमचे हे जोरात. “आता पहिल्यासारखं ब्लेडने कापत नाहीत. रक्त-बिक्त काही नाही!” पद्धत कुठलीही असो, खपली सुटताना रक्त येऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं... यांनी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

मी किचनमध्ये दुसऱ्या खेपेचा चहा गाळत होते, तेवढ्यात स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला. टण्... टण्... टण्...

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या धाकट्या भावाचे, पप्याचे, टॉन्सिल्स लहानपणी काढले होते, जुन्या पद्धतीने. त्याला बोलवेना, म्हणून हाक मारायला आईने उशाशी वाटी-चमचा ठेवला होता. तिसगावच्या घरी असेच बघायला आलेले पाहुणे बसलेले असताना तो गेला. रक्त आतल्या आत पोटात जात राहिलं. मी शाळेत होते. झोपेतच गेला, अगदी शांत, असं आजवर सगळे सांगत आले.

मी आत धावले. “अगं झोपू दे तिला, आत्ता कुठं डोळा लागलाय!” सासूबाई ओरडल्या. पोरगी मिटल्या डोळ्यांनी सारखी काहीतरी गिळत होती. तोंड उघडून बघितलं — रक्त. खोलीत वाटी नव्हती, चमचाही नव्हता.

तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं, पुन्हा थिएटरमध्ये घेतलं. वाचली. हॉलमध्ये तो आवाज कुणीच ऐकला नव्हता. “मनाचे खेळ,” हे म्हणाले. असतील! पोर वेळेत उचलली गेली ती त्या खेळांमुळे, पोह्यांमुळे नाही.

वाटी कशी वाजली, मला आजही सांगता येत नाही. आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग तवाबी वाजवली आसंल का गं त्यानं?”

त्या दिवशीही घरात पाहुण्यांचा चहाच चालला होता.