पोवळ्याची दृष्ट

आमच्या घरातलं पोवळं वारलं असं मी जाहीर केलं, तेव्हा ते जिवंत होतं.

अनगोळात मामांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. दीड महिना तिच्यात नुसतं पाणी आणि दगड! (पाणी मुरावं लागतं म्हणे. मला लोणचं मुरतं एवढंच ठाऊक.) येणारा-जाणारा विचारायचा, "मासे कुठं हाईत?" मामा म्हणायचे, "आधी पोवळं येणार." पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, असं मी समजत होतो. आलं ते जिवंत, पाण्याच्या पिशवीत, गुलाबी फुलासारखं! आणि नेमकं त्याच दिवशी मामांना कामावर बोलावणं आलं. जालन्याहून आलेल्या भाच्याला ज्या माणसानं घरात ठेवून घेतलं, त्यानं आपला जीव पिशवीत घालून माझ्या हाती दिला.

"पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू दे. मग टाकीतलं पाणी वाटीवाटीनं पिशवीत घाल. मग पोवळं दगडावर ठेव. आणि मग?"

"मग काय, मामा?"

"मग हात लावू नगं!"

सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. पोवळं दगडावर बसवलं, तेवढ्यात शेजारच्या आक्का डोकावल्या. "अगं बाई, झेंडूवाणी हाय की!" आणि बघता बघता तो झेंडू मिटला.

मी टॉर्च मारला. आणखी मिटला. बोटानं हळूच ढोसलं. पार शेंगदाण्याएवढा झाला!

"मामी, गेलं ओ!"

मामी पिठाच्या हातानंच धावत आल्या. "असं कसं जाईल रं? मघाशी बरं हुतं की."

"कुणाची तरी नजर लागली बघ," आक्का म्हणाल्या.

मामींनी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी (उगाचच) खाली बघितलं.

मामींनी मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन टाकीवरून सात वेळा उतरवल्या. ("मूठ घट्ट धरा, मीठ पाण्यात पडंल!" असं मी ओरडलो. पाणी मुळातच खारट होतं.) मग सगळं तव्यावर टाकलं. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, हा नियम. कुणी शिंकलंसुद्धा नाही!

"लई वंगाळ नजर हाय गं," आक्का कुजबुजल्या.

मिरच्या ब्याडगी होत्या, रंगाला झकास, तिखटाला नावापुरत्या. हे मला दिसलं. आणि दिसूनही मी काय केलं? मदत म्हणून जहाल संकेश्वरी मिरचीचा डबा काढून दिला!

"घाल मूठभर," मामी म्हणाल्या.

आक्का चपला हातात घेऊन पळाल्या. मामी पदर तोंडाला लावून बाहेर. मी मात्र निष्ठेनं टाकीपाशी उभा राहिलो. तीन श्वास. मग मीही पळालो. तासभर घरात पाय ठेवता येईना. कट्ट्यावर तिघं डोळे पुसत बसलो. त्यातला मी खराखुराही रडत होतो. मामा हाकलतील, आईला काय सांगू, जालन्याची गाडी किती वाजता?

मामा आले, ते तिघांना बघून जागीच थबकले. "कोण गेलं?"

"पोवळं," मी हुंदका दिला.

नाकाला रुमाल लावून ते आत गेले. धडाधड खिडक्या उघडल्या. मग, "अरं, ये हिकडं!"

पोवळं फुललं होतं. सकाळच्या दुप्पट!

"बघा, दृष्टच हुती," मामी ठसकत म्हणाल्या.

"नव्या जागी मिटतंयच ते. ढोसलंतंस व्हय?"

"आधी ढोसलं. नंतर तासभर आत येताच आलं नाही, मामा."

"मग मिरच्यांनीच वाचवलं म्हणायचं."

"नजरेपासून?"

"तुझ्यापासून!"

आता टाकीत सात पोवळी आहेत. नवीन आलं की मामा मला कट्ट्यावर बसवतात आणि मामी चहा आणून देतात. आठवीत शाळा सुटल्यापासून बरीच कामं केली, पण इतक्या बिनचूकपणे जमलेलं हे पहिलंच!