महाळुंग्याच्या घाटात घोडीमागे मोटार

मला मोटार चालवता येते असं मी चारचौघांत सांगू लागले की आमच्या ह्यांना हटकून खोकला येई. खोकला अगदीच खोटा नव्हता. चिंचवडला दवाखाना थाटल्यावर मी एक जुनी हिरवी मोटार घेतली आणि झोकात चालवूही लागले. पण एका संध्याकाळी रस्त्यात म्हैस आडवी आली. मी एकाच वेळी ब्रेकही दाबला आणि चाकही गर्रकन फिरवलं. मोटार नाल्यात कलंडली. म्हशीला काही झालं नाही, मलाही नाही. मात्र त्या दिवसापासून माझा पाय ब्रेकवरून हलेना आणि दुसऱ्या गिअरच्या वर जायची हिंमत होईना. टांगेवाले मला मागे टाकताना आदबीने नमस्कार करत.

गोष्ट हसण्यावारी नेता आली असती, पण चाकणच्या बाजूच्या खेड्यांसाठी जिल्हा लोकल बोर्डाला डॉक्टर हवी होती. दर बुधवारी फेरी, शिवाय कुठे बाळंतीण अडली की तातडीने धाव. माझ्याखेरीज कुणी तयार नव्हतं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. अडलेल्या बाईकडे मी दुसऱ्या गिअरमध्ये कधी पोहोचणार?

आमचे गॅरेजवाले अण्णा म्हणजे मोटारींचे वेडे. रब्बी निघून शेतं मोकळी झाली की ते आणि त्यांचे दोन-तीन हौशी मित्र रविवारी महाळुंग्याच्या घाटात मोटारी पळवत. हा घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी गावाने राखलेला, जरासा चढाचा, सरळसोट पट्टा. अण्णांनी गावातलं विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करून दिलं होतं, म्हणून ही परवानगी.

"ताई, या रविवारी चला. तिथं म्हैस आडवी येणार नाही," अण्णा म्हणाले.

तुम्हाला जायचं असेल तर पेट्रोल आधी भरून घ्या, पुढे मिळेल या भरवशावर राहू नका. भोसरीपर्यंतचा रस्ता हाडं मोजून घेणारा. तिथून नाशिकचा रस्ता लागला की जरा जिवात जीव येतो. मोशीच्या पुढे इंद्रायणीवर थांबून तोंड धुवावं, पाणी सुरेख गार आहे. आम्ही मात्र फार थांबलो नाही, कारण माझा वेग हाच मुळी थांबल्यासारखा होता. एका चढावर आमचे हे चालत्या मोटारीतून उतरले, करवंदं तोडली आणि पुन्हा येऊन शेजारी बसले. "उगाच थांबवायला नको म्हटलं," ते म्हणाले. ते शाळेत इतिहास शिकवतात आणि स्वतः सायकलखेरीज काही चालवत नाहीत, हे इथे सांगून ठेवते.

चाकणला बाजाराजवळच्या हॉटेलात कांदाभजी खाल्ली. दोन आण्यांत भरपूर, तळलेली मिरची वर. चहा एक आणा आणि इतका गोड की दुसरा मागवू नये. तिथून महाळुंग्याकडे वळल्यावर नुसत्या चाकोऱ्या. चाकं त्यांत घालावीत आणि देवाचं नाव घ्यावं.

घाटावर आम्ही पोहोचलो तेव्हा वाद चालला होता. या मुलखात शर्यतीच्या बैलांपुढे एक घोडी पळते आणि तिच्या मागे बैल पळतात. गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं एकच होतं.

"घोडीबिगर बारी व्हत न्हाई," पागोटेवाले एक आजोबा अण्णांना समजावत होते. बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव.

"अहो आबा, मोटारीला घोडी कशाला? तिला इंजिन आहे."

"आसंल. पर घाट आमचा हाय न्हवं?"

शेवटी तोड निघाली. मोटारीपुढे घोडी पळणार, आणि मोटारीने घोडीला ओलांडलं तर बारी बाद. अण्णांनी कपाळाला हात लावला. त्यांच्यासारख्यांना घोडीच्या मागे मोटार ठेवणं म्हणजे शिक्षाच होती. मला मात्र हा नियम फार आवडला. मनातल्या मनात मी त्या आबांना पेढे वाटले.

अण्णांची आणि त्यांच्या मित्रांची बारी नियमात झाली. मग माझी. आमचे हे शेजारी बसले आणि त्यांनी दाराला दोन्ही हातांनी धरलं. घोडीवर गेनूबा, काटक, मिशीवाले, पन्नाशीचे. निशाण पडलं. मी क्लच सोडला आणि मोटार जागच्या जागी बंद पडली.

"बैल बुजला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळा घाट हसला. लाजेनं माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

गेनूबांनी घोडी मागे वळवून माझ्या खिडकीशी आणली. "बाई, लोकांकडं ध्यान नका देऊ. घोडीच्या कानांकडं बघा. मी हाय पुढं."

पुन्हा निशाण. पहिला गिअर, दुसरा. घोडीचे दोन कान धुळीत दिसत होते, तेवढेच मी धरून ठेवले. कान लांब जाऊ लागले म्हणून तिसरा टाकला. कितीतरी महिन्यांनी टाकला. मोटारीचा आवाज बदलला आणि आमचे हे "सावकाश, सावकाश" म्हणू लागले.

चढाच्या शेवटी घोडी दमली. कान भराभर जवळ येऊ लागले. पुन्हा तेच. पुढे जनावर, मी मागे. पाय ब्रेककडे निघालाच होता. मला भयंकर भीती वाटली, ते लपवत नाही. पण डावीकडे मोकळी जागा दिसत होती, आणि म्हशीच्या त्या संध्याकाळीही ती असणार, मी पाहिली नव्हती. पाय उचलला, चाक हलकेच डावीकडे घेतलं, आणि वाट सरळ माझ्यापुढे उघडली.

शेवटच्या निशाणापाशी थांबून मी विचारलं, "घोडी कुठे गेली?"

"मागे," आमचे हे म्हणाले. त्यांचा खोकला पार गेला होता.

आबा काठी टेकत आले. "डाक्तरीणबाई, बारी बाद."

दिवसभरात बाद झालेली मी एकटी. अण्णा हसून हसून बेजार. मला हसू आणि रडू एकदमच आलं, तेव्हा एका म्हातारीने पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसली. मग झाडाखाली पिठलं, भाकरी, फोडलेला कांदा. पैशाचं विचारू नका, रागावतात.

"बाद बारी पुन्यांदा काढावी लागती," आबा जेवताना म्हणाले. "कवा येताय?"

"बुधवारी," मी म्हणाले. "दर बुधवारी." बोर्डाच्या आधी गावाला कळलं ते असं.

घरी परतताना मी तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि करवंदं तोडायला कुणी उतरलं नाही. भीती गेली का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. त्या नाल्यापाशी छाती अजून धडधडते. मी धडधडू देते आणि पुढे जाते.

पहिल्या बुधवारी महाळुंग्याच्या देवळापाशी बायका जमल्या होत्या, पण पुढे कुणी येईना. शहरातली बाई, शिकलेली, हात लावून बघणार म्हणजे काय करणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मी पदवी सांगितली, कुठे शिकले तेही सांगितलं. कुणी हललं नाही. तेवढ्यात धूळ पुसणारी ती म्हातारी आपल्या गरोदर सुनेचा हात धरून गर्दीतून आली.

"जा गं, भिऊ नगंस," ती सुनेला म्हणाली. "ह्या बी लई भ्यायल्या व्हत्या, म्या बघितलंय."

सून माझ्याकडे बघून हसली आणि तपासायला ठेवलेल्या खाटेवर येऊन बसली.